अध्यक्षांचं अंगण

सुधाकररावांना वाघडोहात सगळे अध्यक्ष म्हणत, आणि ते नेमके कशाचे अध्यक्ष आहेत हे कोणालाही धड सांगता येत नसे. फार मागे गणपतीच्या वर्गणीवरून गावात भांडण लागलं होतं. दोन्ही बाजूंना चालेल असं एकच नाव निघालं, ते सुधाकररावांचं, म्हणून त्यांना मंडळाचं अध्यक्ष करून टाकलं. पुढच्या वर्षी मंडळ मोडलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नपत्रिकेत ते नाव छापून यायला लागलं. जवळच्या बेला गावच्या बँकेतला शिपाईसुद्धा त्यांना पाहिलं की "आइए अध्यक्षसाब" म्हणून दार धरायचा. निवडणूक म्हणाल तर त्यांनी आयुष्यात एकही लढवली नव्हती. बिनखर्चाचं, बिनमताचं असं हे अध्यक्षपण होतं, आणि ते तीस वर्षं त्यांच्या बायकोच्या, जयवंताबाईंच्या, कमरेवर चाललं होतं.

याला कारण गावाची जागा. वाघडोह पैनगंगेच्या अलीकडे, म्हणजे तेलंगणात. गावाची बोली मराठी, सोयरीक नदीपलीकडची, बाजार बेल्याचा, पण कागद सगळा तेलुगू. जमिनीचं पासबुक तेलुगूत, पेन्शनची नोटीस तेलुगूत, वीजबिलावरची धमकीसुद्धा तेलुगूत. शाळेत तेलुगू शिकलेली पोरं होती, पण ती शिकली म्हणूनच आदिलाबादला नाहीतर हैदराबादला निघून गेली. मागे राहिलेल्या गावाला सरकारशी बोलायला एकच तोंड उरलं, ते सुधाकररावांचं. तरुणपणी ते भैंसाच्या एका जिनिंगात हिशेबाला होते, तिथं त्यांनी तेलुगू लिहायला-वाचायला उचललं. स्वभावाने गोड, नाही म्हणायची जीभच नाही. सकाळी फटफटी काढायची, मागे कोणाला तरी बसवायचं आणि तहसील, मीसेवा नावाचं सरकारी दाखल्यांचं केंद्र, दवाखाना करत फिरायचं, हाच त्यांचा धंदा. शेत गोपाल नावाचा गडी बघायचा. घर जयवंताबाई बघायच्या. गाव सुधाकरराव बघायचे.

लोक सकाळी सहापासून येत. अंगणात शाळेच्या लिलावातला एक लांब बाक टाकलेला होता, त्यावर ओळीने बसत. ज्याचा त्याचा नंबर ठरलेला, त्यावरून कधी कुरबूर नाही. चहा मात्र प्रत्येकाला. अध्यक्षांच्या दारातून कोणी कोरडा गेला असं व्हायचं नाही, ही सुधाकररावांची हौस. हौस त्यांची आणि भांडं घासणं दुसऱ्याचं, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला स्वयंपाकघराला मागची बाजू असते हे ठाऊक नव्हतं.

ही मागची बाजू हिवाळ्यात फार छळायची. आदिलाबादकडची थंडी ज्याने काढली त्यालाच ठाऊक. डिसेंबरात पाण्याच्या घागरीला हात लावला की बोटं बधिर होतात. त्यात कापसाचे दिवस. वेचून आणलेला कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला, मधल्या खोलीत पाय ठेवायला वाट नाही, आणि स्वयंपाकघर उत्तरेला, तिथं दुपारपर्यंत उजेडसुद्धा नीट येत नाही. घरात ऊन पडायची जागा एकच, ती म्हणजे अंगण. तिथं सकाळी आठपासून दहापर्यंत असं पिवळंधमक ऊन यायचं की बघत राहावं. जयवंताबाई ते ऊन दारातून बघायच्या. त्या उन्हात गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे शेकून निघायचे, फक्त ज्यांचं अंगण त्यांचे सोडून.

जयवंताबाईंची मागणी काही फार मोठी नव्हती. सूप घेऊन अंगणात बसावं, तूर निवडावी, पाठीवर ऊन घ्यावं, आणि त्या वेळात कोणी "काकू, अध्यक्ष उठले का?" असं विचारू नये. एवढंच. पण हे कोणाला सांगायचं? नवऱ्याला एकदा सांगून बघितलं होतं.

"अवो, लोकायले जरा दुपारून बोलवत जा ना."

"दुपारी मी कुठं असतो? आन् गरीब मानूस कामाले जायच्या आधीच येनार ना वं."

गरीब माणूस म्हटलं की पुढे बोलायची सोय नव्हती. जयवंताबाईंनी पातेल्यात आणखी पाणी घातलं.

मग पंचायतीच्या निवडणुका लागल्या. सरपंचपद या खेपेला खुलं सुटलं. बंडूने लगेच अर्ज भरला. बंडू म्हणजे ट्रॅक्टर-जेसीबीवाला, अर्धा वेळ आदिलाबादला राहणारा, बोलायला लागला की ऐकणाऱ्याने घर गाठावं असा. वाईट म्हणावा इतकाही नव्हता, पण तो दिसला म्हणून कोणाचा चेहरा खुलला असं कधी झालं नाही. त्याच्याविरुद्ध कोण, असा प्रश्न पारावर निघाला आणि दुसऱ्या श्वासाला उत्तरही निघालं. झुंडच्या झुंड अंगणात आली. अध्यक्ष, तुमी उभे राहाच. तुमच्या समोर बंडू म्हंजे काय, डिपॉझिट गुल होते त्याचं.

सुधाकरराव नको नको म्हणत होते. त्यांना खरोखरच नको होतं. पण त्याच दिवशी जयवंताबाई पंचायतीच्या ऑफिसवरून येत होत्या. ऑफिस नवं बांधलेलं, पुढे फरशीचा ओटा, आत खुर्च्या, पंखा, एक सेक्रेटरी आणि पाणी द्यायला एक माणूस. दार दहाला उघडतं अशी पाटी. जयवंताबाई त्या पाटीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे सरपंच झाले तर ही सगळी माणसं इथं येतील. इथं! या खुर्च्यांवर. दहानंतर. आणि अंगण मोकळं.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला ताट वाढलं आणि म्हणाल्या, "तुमी उभे राहा."

सुधाकररावांचा घास हातातच राहिला. "तूच म्हनून राह्यली का हे? आजपर्यंत तर मले पारावर जाऊ देत नव्हती."

"इतके लोक म्हनून राह्यले तर राहा ना. काऊन भेता?"

बायको पाठीशी आहे म्हटल्यावर त्यांचा विरोध संपला. त्यांना वाटलं, आपल्या कामाची किंमत घरातही कळली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जयवंताबाईंना त्या पाण्याची लाज वाटली, पण इतकीही नाही की मनातलं ऊन सोडून द्यावं.

त्यांना चिन्ह मिळालं अंगठी, बंडूला कात्री. निवडणूक कशी होणार यावर वाघडोहात चर्चाच होत नव्हती. कोण येणार हे ठरलेलंच होतं, किती मतांनी यावर पैजा लागत होत्या. फक्त एका माणसाला शंका होती, ते देवाजी गुरुजी. निवृत्त शिक्षक, बौद्धवाड्यातले, सुधाकररावांचे शाळेपासूनचे दोस्त. दोघं एकाच बाकावर बसून शिकले आणि आता एकाच फटफटीवर बसून रक्ताची साखर तपासायला जात. गुरुजींनी एक दिवस जयवंताबाईंना दारातच गाठलं.

"वैनी, एक सांगू का? रस्त्यानं जातो तर दहा जन विचारतात, गुरुजी, अध्यक्षायले किती मतं पडतीन? पन मी अध्यक्षायले मत देनार हावो, असं अजून मले एकानं सांगतलं नाही."

"त्यात सांगाचं काय हाय गुरुजी? सारेच देनार हायेत."

"सारेच देनार असं ज्याले त्याले वाटून राह्यलं, त्याचीच मले भीती हाय."

जयवंताबाईंना वाटलं, मास्तर माणूस, पेपर तपासल्याशिवाय निकाल मानणार नाही. तरी भीतीचा किडा डोक्यात शिरलाच. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः प्रचाराला निघाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या नवऱ्याच्या कामासाठी घराबाहेर पडल्या नव्हत्या. आता दुखरा गुडघा घेऊन घरोघर हिंडायला लागल्या.

आणि काय तो मान! गल्ली झाडून ठेवलेली, दारात सडा. सुधाकरराव पुढे, मागे माणसं, आणि घराघरातून बाया ताट घेऊन ओवाळायला उभ्या. कपाळावर कुंकवाचा थर इतका चढला की घरी आल्यावर साबणाने निघेना. बौद्धवाड्यात ओवाळणी नसते, तिथं जयभीम करून खुर्ची दिली आणि बळेच चहा पाजला. म्हाताऱ्या बाया सुधाकररावांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडत होत्या. बंडूला कोणी असं ओवाळलं नाही. त्याने आपलं पाया पडत जायचं आणि लोकांनी राहू दे, राहू दे म्हणायचं. एका रविवारी त्याने मटण केलं, ते सगळ्या गावाने खाल्लं. अध्यक्षांचा प्रचार करणाऱ्यांनीही खाल्लं. मटणाला चिन्ह नसतं.

पुरुष पुढच्या घरी गेले की जयवंताबाई मागे थांबायच्या आणि बायांना नीट समजावून सांगायच्या. भाषण त्यांना येत नव्हतं. जे मनात होतं तेच त्या सांगायच्या, आणि ते सांगताना त्यांच्या तोंडावर अशी खुशी यायची की बाया बघत राहायच्या.

"एकदा का हे सरपंच झाले, का मंग सारं काम पंचायतीच्या ऑफिसात. खुर्च्या हायेत, पंखा हाय, सेक्रेटरी हाय. दहा वाजता उघडते. तुमाले असं थंडीवाऱ्याचं आमच्या आंगनात येऊन बसाचं कामच नाही. घरी कोनाले यावंच नाही लागनार पाहा!"

"व्हय का काकू?" बाया म्हणायच्या.

"मंग! रीतसर दरखास्त द्याची, सिक्का मारून कागद घ्याचा."

"बरंच झालं मंग," असं म्हणून बाया आत जायच्या आणि साखरेची चिमूट आणून त्यांच्या तोंडात घालायच्या. त्या जरा गप्प झाल्यासारख्या वाटायच्या. जयवंताबाईंनी त्याचा अर्थ असा लावला की बायांना पटलं. शेजारच्या पूनमला तर त्यांनी दोनदा सांगितलं. पूनम म्हणजे भिंतीपलीकडची तरणी सून, दिवसातून दहा वेळा या घरात ये-जा करणारी. कधी विरजण, कधी सासूच्या पेन्शनचं पुस्तक. पूनम सगळं ऐकून म्हणाली, "आन् काकू, मले सहा वाजता येता येते, मंग वावरात जातो. दहा वाजता कसं जमन?"

"जमते वं. सारं जमते." जयवंताबाईंनी तिच्या गालावर टिचकी मारली.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे सकाळी सातलाच रांग लागली. लोकांनी कानाला मफलर गुंडाळलेले, बाजूला शेकोटी. जयवंताबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं. रांगेतल्या प्रत्येकाने त्यांना पाहून मान हलवली, कोणी डोळा मारला, कोणी अंगठी दाखवायला म्हणून करंगळीशेजारचं बोट वर केलं. त्यांनी आत जाऊन अंगठीवर शिक्का मारला, जरा जास्तच जोर लावून. दुपारी एकला मतदान संपलं, जेवणं झाली आणि तिथंच मोजणी सुरू झाली.

बाया मारुतीच्या ओट्यावर बसल्या होत्या. पहिला बंडल सुटला तेव्हा आतून कोणीतरी येऊन सांगितलं, बरोबरीत चाललं आहे. बाया हसल्या. मग बराच वेळ कोणीच आलं नाही. मग बंडूच्या माणसांच्या बाजूने एक ओरड आली, पण तीही अर्धवट, जणू ओरडणाऱ्याला स्वतःच खात्री नाही. ऊन कलायच्या आत निकाल लागला. सुधाकरराव शे-दीडशे मतांनी पडले होते.

गावाला धक्का बसला. खरोखर बसला, नाटक नव्हतं. फटाके आणलेले होते ते वाजवायचे की नाही हे बंडूच्या माणसांना कळेना. सुधाकरराव शाळेच्या फाटकातून बाहेर आले तेव्हा लोकांनी वाट दिली, जशी मयताच्या घरच्या माणसाला देतात. म्हातारी माणसं रडत होती. ज्यांनी कात्रीवर शिक्का मारला तीही रडत होती, आणि त्यांचं रडणं काही खोटं नव्हतं. "अध्यक्ष, मनाले लावून घेऊ नका," असं म्हणत एकेकाने त्यांचा हात हातात घेतला. देवाजी गुरुजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत आले. मी म्हटलं होतं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. या एका गोष्टीसाठी जयवंताबाईंनी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी अंगणात कोणी आलं नाही. सहा वाजले, सात वाजले, आठला ऊन आलं. बाक रिकामा, ओटा रिकामा. लाजेने लोक त्या गल्लीतूनच जात नव्हते. सुधाकरराव मधल्या खोलीत कापसाच्या ढिगाला लागून बाजेवर पडले होते, तोंड भिंतीकडे. चहा ठेवला तो गार झाला. गोपाल गडी शेतावरून काहीतरी विचारायला आला आणि न विचारताच परत गेला.

जयवंताबाई सूप घेऊन दारापर्यंत आल्या. समोर ते सगळं ऊन पसरलेलं होतं, त्यांच्या एकटीसाठी, अगदी तस्संच जसं त्यांनी इतकी वर्षं मागितलं होतं. त्यांनी एक पाय बाहेर ठेवला. मागून बाज करकरली, सुधाकररावांनी कूस बदलली असावी. जयवंताबाईंचा पाय परत आत आला. असं मिळालेलं ऊन त्यांना नको होतं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाच्या दारात बसून तूर निवडायला मन दगडाचं लागतं, आणि त्यांचं तसं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि तिथल्या गारठ्यात पोटभर रडल्या.

काय चुकलं हे त्यांना उमगत नव्हतं. मटण म्हणावं तर ते सगळ्यांनीच खाल्लं. पैसा म्हणावा तर बंडूचा हात इतकाही सैल नव्हता. गावाला हा माणूस आवडत नव्हता असं म्हणावं तर कपाळावरचं कुंकू अजून पुरतं निघालेलं नव्हतं. ज्या माणसाला सारा गाव डोक्यावर घेतो त्याला त्याच गावाने असं खाली का टाकावं? विचार करून करून त्यांचं डोकं दुखायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून पूनमची हाक आली. "काकू, अध्यक्ष उठले का?"

तिची सासू काठी टेकत आधीच अंगणात पोचली होती. पेन्शनचं पुस्तक तिच्या पदराला बांधलेलं. तिच्या मागून एक जण जमिनीची नोटीस घेऊन, एक बाई लेकराच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन. सगळे आपले मान खाली घालून बाकावर बसले, नेहमीच्याच ओळीत. सुधाकरराव आतून ऐकत होते. थोड्या वेळाने ते उठले, तोंड धुतलं, मफलर गुंडाळला आणि बाहेर आले. पहिल्या माणसाशी बोलताना आवाज घोगरा होता. दुसऱ्याशी जरा मोकळा झाला. तिसऱ्याला तर ते चक्क रागावले, की इतके दिवस कागद घरात काऊन ठेवला.

मग फाटकातून नवा सरपंच आला. बंडूच्या एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात एक कागद. त्याने येऊन अध्यक्षांचे पाय धरले.

"काका, तुमचा आशीर्वाद पाहजे. आन् हे बेल्याच्या मंडल ऑफिसातून आलं. बोलाले येते मले तेलुगू, वाचता नाही येत. काय लिहून राह्यलं तेवढं पाहून द्या ना."

"बस तिथं. नंबर येऊ दे," सुधाकरराव म्हणाले आणि हसले. निकालानंतरचं ते पहिलं हसू. बाकावरचे सगळे हसले. बंडूही हसला आणि म्हातारीच्या शेजारी सरकून बसला. "चहा ठेव वं सगळ्यायले," आत हाक आली, "आपले सरपंचसाहेब आलेत!"

जयवंताबाईंनी आत गॅसवर पातेलं ठेवलं होतं. पूनम कप विसळायला बसली होती. ती खुशीत होती, आणि मनात काही ठेवायची तिला सवयच नव्हती.

"काकू, लय बरं झालं बाप्पा."

"काय बरं झालं?"

"हेच. अध्यक्ष घरीच राह्यले हे."

जयवंताबाईंचा हात साखरेच्या डब्यात थांबला. "मंजे?"

"तुमीच तर म्हनल्या होत्या काकू, का सरपंच झाले का घरी यायचंच नाही कोनी. दहा वाजता ऑफिसात जा, दरखास्त द्या, सिक्का घ्या. आमी बाया तेच बोलत होतो. त्या सेक्रेटरीसमोर आमच्यानं बोलनं होते का? मंग सगळ्यायनं म्हनलं, बंडूभाऊले बसवा ना तिथं ऑफिसात. तो तसाही काय करते? आन् अध्यक्ष तर आपले हायेतच. दोघंबी राह्यतेत ना मंग." ती कप पालथे घालत होती. मग जरा हळू आवाजात म्हणाली, "आमाले वाटलं का आपली दोन-चार मतं तिकडं गेली तरी ते येतीनच निवडून. पन साऱ्यायनंच तसं केलं वाट्टे."

जयवंताबाईंनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. पूनमवर राग यावा तर तो येत नव्हता. तिने काय चुकीचं केलं? तिला जे आवडत होतं ते तिने जपलं. सगळ्या गावाने तेच केलं. जयवंताबाई गल्लोगल्ली हिंडून, दुखऱ्या गुडघ्याने, हसत हसत, नवऱ्याला पाडून आल्या होत्या. गावाने अध्यक्षांवर इतकं प्रेम केलं, इतकं केलं, की त्यांना हलूच दिलं नाही. आणि त्या प्रेमात चहा कोण करतं याचा हिशोब कोणाच्या मनात आला नव्हता. पूनमच्याही नाही, बंडूच्याही नाही, आणि बाहेर हसणाऱ्या माणसाच्या तर नाहीच नाही. फार थकल्यासारखं वाटलं त्यांना.

पातेल्याला नुकतं आधण आलं होतं. त्यांनी गॅस बंद केला.

"काकू?" पूनम म्हणाली.

त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. अंगण पार करून बाकापाशी गेल्या. "सरका थोडं," त्यांनी बंडूला म्हटलं. बंडू गडबडून सरकला. त्या त्याच्या पलीकडे, रांगेच्या शेवटी बसल्या. पाठीवर ऊन आलं. गुडघ्यांवर आलं. कित्येक वर्षांत प्रथम.

"काय वं, चहा?" सुधाकररावांनी चष्म्यावरून बघितलं.

"आज मी कामाले आली. माझा नंबर लागू द्या."

सगळे हसले. अध्यक्षही हसले, मोठी गंमत आहे असं त्यांना वाटलं. मग एकेक काम होत गेलं. म्हातारीच्या पेन्शनला अंगठा लावायला मीसेवात जायचं ठरलं. नोटीस वाचून झाली. चिठ्ठीवरची औषधं समजावून झाली. बंडूचा कागद निघाला नव्या सरपंचांच्या बैठकीचा. लोक काम झालं तरी उठले नाहीत, चहा यायचा होता. आणि जयवंताबाई उठत नाहीत हे हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात यायला लागलं होतं.

"बोला बाई, काय काम हाय?" सुधाकररावांनी अजून गमतीतच विचारलं.

"तुमी माझ्यापायी पडले," जयवंताबाई म्हणाल्या. "मीच बायायले सांगत फिरली, का हे सरपंच झाले तर कोनी घरी यायचं नाही. म्हनून कोनी मत नाही देल्लं. मले वाटलं, तुमी निवडून याल आन् मले माझं आंगन भेटन."

पूनम दारात हातात कप घेऊन उभी होती.

"मी थकली. मले सकाळचं हे आंगन पाहजे, दोन घंटे. ऊन हाय तोपर्यंत. याची दरखास्त मी कोनाले देऊ? तुमाले का सरपंचाले?"

बंडूने खाली बघितलं. सुधाकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कुठल्या कामाला कुठलं ऑफिस, कोणता वार, कोणता साहेब, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. आता ते बायकोकडे बघत होते, तिच्या पायांकडे, सुजलेल्या गुडघ्यांकडे, आणि बाकावर बसलेल्या गावाकडे, ज्याला नाही म्हणायची त्यांची जीभच नव्हती.

"पाहू," ते शेवटी हळूच म्हणाले. "उद्या पाहू."

तहसिलातून परत आलेल्या माणसांच्या तोंडून हेच उत्तर जयवंताबाईंनी तीस वर्षं ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि पाठ उन्हाकडे केली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी बसली हावो इथंच."